मूत्राशय राखण्याचा प्रश्न

गेल्या पंधरवड्यात एक निवृत्त शिक्षक आमच्या कार्यालयात येऊन गेले. हातात कागदपत्रांची जाडजूड फाईल होती. वय बाहत्तर, प्रकृती एरवी काटक. परंतु लघवीवाटे रक्त जाऊ लागले म्हणून तपासणी झाली आणि मूत्राशयाचा कर्करोग असल्याचे व तो स्नायूपर्यंत पोहोचल्याचे निदान झाले. एका रुग्णालयातील शल्यविशारदांनी मूत्राशय काढून टाकण्यावाचून गत्यंतर नाही असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी मूत्राशय न काढताही किरणोपचार करता येईल, 'लागू पडला तर उत्तमच', असा सल्ला दिला. आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकविलेल्या या गृहस्थांची शंका एका शब्दापुरतीच होती. या 'तर'चा अर्थ काय? किरणोपचार एकाला लागू पडतो व दुसऱ्याला पडत नाही, हे कशावरून ठरते?

संपादकाने वैद्यकी करू नये, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोन तज्ज्ञांनी दोन दिशा दाखवाव्यात आणि दोघांपैकी एकानेही कारण सांगू नये, अशी अवस्था या एकट्या शिक्षकांची नाही. या 'तर'च्या पोटात दडलेले बरेचसे आता ज्ञात आहे, आणि जे ज्ञात आहे ते रुग्णाच्या कानांवर जात नाही. म्हणून हा प्रपंच.

मूत्राशयाचा कर्करोग झालेल्यांपैकी बहुसंख्यांचा रोग निदानाच्या वेळी आतल्या अस्तरापुरताच असतो. तो दुर्बिणीतून खरवडून काढता येतो व नंतर मूत्राशयात औषध सोडून आटोक्यात ठेवता येतो. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत मात्र तो स्नायूत शिरलेला आढळतो, आणि खरा पेच तेथून सुरू होतो. संपूर्ण मूत्राशय काढणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर लघवी पोटावर लावलेल्या पिशवीत घ्यावी लागते, किंवा आतड्याचा तुकडा वापरून नवी पिशवी आत तयार करावी लागते. पुरुषांत पुरःस्थ ग्रंथी व स्त्रियांत बहुधा गर्भाशयही त्याबरोबर जाते. दुसरा मार्ग असा, की दुर्बिणीतून गाठ शक्य तितकी काढावी आणि उरलेल्या रोगावर किरणोपचार व त्यासोबत औषधे द्यावीत. ज्याला आपल्याकडे 'शेक घेणे' किंवा 'लाईट घेणे' म्हणतात, तोच हा उपचार. तो सफल झाला तर रुग्ण आपलेच मूत्राशय घेऊन घरी जातो.

आता 'सफल झाला तर' याचा विचार करू. सगळ्यांत पहिली गोष्ट घडते ती किरणयंत्रापासून फार दूर, शस्त्रक्रियागृहात. दुर्बिणीतून गाठ पूर्णपणे खरवडली गेली होती की मागे काही शिल्लक राहिली होती, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ज्यांची दिसण्याजोगी गाठ पूर्ण निघालेली असते, त्यांच्यात किरणोपचाराचे यश अधिक असल्याचे वर्षानुवर्षांच्या नोंदी सांगतात. गाठ किती मोठी, एकच की अनेक, अस्तरावर ठिकठिकाणी सपाट स्वरूपाचा कर्करोग पसरलेला आहे काय, मूत्रपिंडातून येणारी नळी गाठीने बुजून मूत्रपिंडाला सूज आली आहे काय, या प्रश्नांची उत्तरेही तितकीच निर्णायक ठरतात. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली असतील किंवा मूत्राशय मुळातच आकसून निकामी झालेले असेल, तर किरणोपचाराचा आग्रह धरणे शहाणपणाचे नव्हे. मूत्राशय राखावे असे ठरले तरी ते राखण्याच्या लायकीचे आहे की नाही, हे आधी पाहावयास हवे.

यानंतरचा घटक डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. तो म्हणजे प्राणवायू. क्ष-किरणांनी पेशीच्या गाभ्यातील जनुकद्रव्याची मोडतोड होते. परंतु ती मोडतोड कायम होण्यास जवळ प्राणवायू असावा लागतो. तो नसेल तर पेशी आपली जखम पुष्कळशी भरून काढते. प्राणवायूवाचून गुदमरलेल्या पेशी मारण्यास भरपूर प्राणवायू मिळणाऱ्या पेशींच्या अडीच ते तीन पट मात्रा लागते. किरणांची मात्रा आज ज्यांच्या नावाने मोजली जाते, त्या इंग्लंडच्या एल. एच. ग्रे यांनी व त्यांचे सहकारी टॉमलिन्सन यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एक साधीच गोष्ट दाखविली. रक्तवाहिनीपासून दोन-तीन केसांच्या जाडीइतके अंतर गेले की पेशी मरू लागतात, आणि त्या मेलेल्या पेशींच्या काठावर अर्धवट गुदमरलेल्या, परंतु जिवंत पेशी तग धरून असतात. किरणांना दाद देत नाहीत त्या याच. कर्करोगाची गाठ घाईने वाढते, तिच्या रक्तवाहिन्या कशाबशा, वेड्यावाकड्या तयार होतात, आणि गाठीचे काही कोपरे कायमचे उपाशी राहतात.

हे ज्ञान पुस्तकातच राहिले असते तर आम्ही त्याचा एवढा विस्तार केला नसता. ब्रिटनमध्ये त्याची प्रत्यक्ष मूत्राशयाच्या कर्करोगावर कसोटी लागली. 'बीकॉन' नावाच्या चाचणीत ३३३ रुग्णांची दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला केवळ किरणोपचार मिळाला; दुसऱ्या गटातील रुग्णांनी किरणोपचाराच्या वेळी कार्बोजेन, म्हणजे थोडा कर्बवायू मिसळलेला प्राणवायू, मुखवट्यातून श्वासावाटे घेतला, आणि निकोटिनामाइड हे 'ब' जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध गोळ्यांच्या रूपाने घेतले. पहिल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो, दुसऱ्याने गाठीतील बंद पडणाऱ्या बारीक वाहिन्या उघड्या राहण्यास मदत होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनंतर केवळ किरणोपचाराच्या गटात शेकडा ४६ रुग्ण हयात होते, तर प्राणवायूची जोड मिळालेल्यांत शेकडा ५९. मुखवट्यातून घ्यावयाचा वायू आणि एक स्वस्त जीवनसत्त्व यांनी एवढा फरक पडावा, ही गोष्ट महागड्या औषधांच्या आजच्या दिवसांत विचार करावयास लावणारी आहे. पुढे त्याच रुग्णांचे जपून ठेवलेले गाठींचे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की ज्यांच्या तुकड्यांत मृत पेशींचे पुंजके दिसत होते, त्यांनाच या उपायाचा लाभ विशेषत्वाने झाला होता. टॉमलिन्सन व ग्रे यांच्या कापांत दिसलेली मृत पेशींची कडाच पुन्हा एकदा, यावेळी रुग्णांच्या आयुर्मानाच्या हिशेबात, दिसून आली.

प्राणवायूची गोष्ट निघाली की रक्ताची निघणारच. किरणोपचाराच्या वेळी हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णांत रोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण अधिक, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. मूत्राशयाच्या रुग्णाला रक्तक्षय सहज होतो, कारण त्याचे रक्त लघवीवाटे नित्य जात असते. येथे आपल्या समाजाची एक सवय आड येते. लघवी लाल झाली की 'उन्हाळी लागली', 'उष्णता वाढली' असे म्हणून कोकमाचे सरबत, सब्जाचे पाणी यांवर भागविण्याकडे आपला कल असतो. या रोगात रक्त जाताना बहुधा दुखत नाही आणि चार दिवसांनी ते आपोआप थांबते. त्यामुळे सरबताचा गुण आला असे वाटते. चार महिन्यांनी पुन्हा रक्त जाते, तोवर हिमोग्लोबिन उतरलेले असते व गाठही खोल गेलेली असते.

तथापि रक्ताचा आकडा वाढविला की काम झाले, असे मात्र कोणी समजू नये. घसा व तोंडाच्या कर्करोगाच्या ३५१ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. किरणोपचार चालू असताना रक्त वाढविणारे एरिथ्रोपोइटिन हे औषध देण्यात आले. हिमोग्लोबिन वाढले, पण रोगावरील नियंत्रण उलट कमी झाले. रक्तक्षय हा पुष्कळदा मूळ कारण नसून रोगाच्या जोराची खूण असतो. तेव्हा रक्तस्राव लवकर थांबविणे वेगळे आणि आकडा फुगविणे वेगळे.

तंबाखूविषयी आम्ही लिहिले की काही वाचक रागावतात. पण मूत्राशयाच्या कर्करोगाच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत धूम्रपान हे कारण मानले जाते, हे सांगणे भाग आहे. तंबाखूतील विषद्रव्ये फुप्फुसातून रक्तात व रक्तातून लघवीत उतरतात आणि मूत्राशयाच्या अस्तराशी तासन्‌तास संपर्कात राहतात. निदान झाल्यावर 'आता सोडून काय उपयोग?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला बिलगून बसतो व प्राणवायूची जागा अडवतो. डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांची एक पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली होती. तीत किरणोपचार चालू असताना धूम्रपान करीत राहिलेल्यांपैकी शेकडा ४५ जणांत गाठ पूर्ण विरघळली, तर सोडलेल्यांत शेकडा ७४ जणांत. तो रोग निराळा हे खरे. परंतु प्राणवायूचा न्याय तोच आहे. सोडण्याचा उपयोग नाही असे म्हणण्यास त्यामुळे फारशी जागा उरत नाही.

किरणांच्या जोडीला औषध द्यावे काय, या प्रश्नाचा निकाल २०१२ साली लागला असे म्हणावयास हरकत नाही. ब्रिटनमधील ४५ केंद्रांत ३६० रुग्णांवर झालेल्या 'बीसी २००१' या चाचणीत काहींना केवळ किरणोपचार, तर काहींना त्यासोबत फ्लोरोयुरॅसिल व मायटोमायसिन ही दोन औषधे देण्यात आली. दोन वर्षांनंतर मूत्राशय व आसपासच्या भागात रोग न उलटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ५४ व शेकडा ६७ होते. या चाचणीचे मोल आमच्या दृष्टीने दुसऱ्याही एका कारणाने मोठे आहे. या रोगात सर्रास वापरले जाणारे सिस्प्लॅटिन हे औषध मूत्रपिंडे धडधाकट असल्याखेरीज देता येत नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या, त्यातून मूत्रमार्ग अडलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे किती धडधाकट असणार? वरील दोन औषधे अशा रुग्णांपैकी अनेकांना सोसतात. वय झाले म्हणून नुसताच शेक द्यायचा, या रिवाजाला आता आधार उरलेला नाही.

मूत्राशय हा अवयव किरणोपचारतज्ज्ञाच्या दृष्टीने मोठा लहरी आहे. मेंदू कवटीत जागच्या जागी असतो. मूत्राशय सकाळी रिते, दुपारी भरलेले, कधी शेजारच्या आतड्यातील वायूने ढकललेले. काल आखलेल्या नेमावर आज किरण सोडले तर गाठीचा काठ सुटण्याचा आणि निरोगी आतडे भाजण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणून लहान, मध्यम, मोठ्या अशा मूत्राशयासाठी आधीच वेगवेगळे आराखडे करून ठेवतात, आणि रोज किरण देण्यापूर्वी चित्र काढून त्या दिवशी जो जुळेल तो वापरतात. ही पद्धत परदेशातच शक्य आहे असे कोणी समजू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी ४४ रुग्णांवर ती राबवून आपले अनुभव २०१६ साली प्रसिद्ध केले आहेत. आम्हांस याचा अभिमान वाटतो. पण अशी व्यवस्था मुंबईत आहे म्हणून ती पेडण्याच्या वा काणकोणच्या रुग्णाच्या आवाक्यात आली, असे होत नाही.

किती दिवस किरण घ्यावयाचे, ही बाब त्यामुळेच आपल्या वाचकांना सर्वांत जवळची वाटावी. जुन्या पद्धतीत ६४ ग्रे मात्रा ३२ बैठकांत, म्हणजे साडेसहा आठवड्यांत देतात. दुसरी पद्धत ५५ ग्रे मात्रा २० बैठकांत, चार आठवड्यांत देण्याची आहे. वर सांगितलेल्या दोन्ही ब्रिटिश चाचण्यांतील ७८२ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०२१ साली तुलना करण्यात आली. चार आठवड्यांची पद्धत कोठेही उणी पडली नाही. किंबहुना रोग जागच्या जागी उलटण्याचे प्रमाण तिच्यात कमी आढळले, आणि त्रासही अधिक नव्हता. लंडनमधील रुग्णाला अडीच आठवडे वाचले म्हणजे काही बसभाडे वाचले. गोव्यातून वा सावंतवाडीहून परळला जाऊन भाड्याच्या खोलीत, सोबतीला मुलाची रजा खर्ची घालून राहणाऱ्या म्हाताऱ्याला तेच अडीच आठवडे उपचार पूर्ण होणे आणि अर्ध्यावर सोडून घरी परतणे यांमधील अंतर ठरू शकतात. अर्ध्यावर सोडलेल्या किरणोपचाराचे फळ काय मिळणार, हे वेगळे सांगावयास नको.

गाठीच्या जनुकीय ठेवणीवरून किरण लागू पडतील की नाही याचे भाकीत करता यावे, ही संशोधकांची जुनी आस आहे. इंग्लंडातील लीड्स येथील संशोधकांनी २०१० साली एमआरई-११ या प्रथिनाविषयी आशादायक निष्कर्ष मांडले होते. किरणोपचार घेतलेल्यांपैकी ज्यांच्या गाठीत हे प्रथिन अधिक होते, त्यांच्यापैकी शेकडा ६९ रुग्ण तीन वर्षांनंतर या रोगाच्या मृत्यूपासून बचावले होते. कमी असलेल्यांत हाच आकडा ४३ होता. शस्त्रक्रिया झालेल्यांत असा फरक नव्हता. म्हणजे कोणाला शेक द्यावा व कोणाचे मूत्राशय काढावे, हे सांगणारी खूणच हाती लागली असे वाटले. परंतु पुढे हीच चाचणी इतर नमुन्यांवर करून पाहिली असता तसाच निर्वाळा खात्रीने मिळेना. प्रथिन ओळखण्यासाठी वापरावयाच्या द्रव्यातील लहानसा फरकही निकाल बदलू लागला. अमेरिकेतील काही अभ्यासांत गाठीत शरीराच्या संरक्षक पेशींचा शिरकाव झालेला असल्यास मूत्राशय राखणाऱ्या उपचाराचे फळ चांगले मिळते असे दिसले आहे. उंदरांवरील प्रयोगांत आहारातील विशिष्ट तंतूंमुळे किरणांचा परिणाम वाढल्याचेही आढळले. हे वाचून कोणी उद्यापासून चिकोरीची पूड विकू लागेल, म्हणून स्पष्टच लिहितो, की हे उंदीर होते. रुग्णाच्या उपचाराचा निर्णय ज्यावर सोपवावा अशी जनुकीय चाचणी नित्याच्या व्यवहारात अजून आलेली नाही.

मग मूत्राशय काढणे श्रेयस्कर की राखणे? नाणेफेकीसारखी वाटणी करून याचा निकाल लावण्याचा 'स्पेअर' नावाचा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. परंतु जेमतेम ४५ रुग्ण मिळाले आणि तो सोडून द्यावा लागला. आपल्या मूत्राशयाचा फैसला चिठ्ठीवर सोडण्यास रुग्ण तयार होईनात, आणि डॉक्टरांचेही मत आधीच बनलेले. अखेर अमेरिका व कॅनडातील तीन मोठ्या संस्थांतील ७२२ रुग्णांच्या नोंदी २०२३ साली तोलून पाहण्यात आल्या. पाच वर्षांनंतर रोग दूर न पसरलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा ७४ आणि मूत्राशय राखलेल्यांत शेकडा ७५ निघाले. मात्र हे रुग्ण निवडक होते. गाठ एकच आणि सात सेंटिमीटरहून लहान, मूत्रपिंडाची सूज नाही वा एकाच बाजूला, सपाट कर्करोगाचा फैलाव नाही, अशांचाच त्यात समावेश होता. वर ज्यांचा उल्लेख केला तेच हे घटक. तरीही राखलेल्यांपैकी शेकडा १३ जणांचे मूत्राशय पुढे काढावेच लागले. म्हणूनच किरणोपचारानंतर ठराविक काळाने दुर्बिणीतून तपासणी, आणि तीही वर्षानुवर्षे, टाळून चालत नाही. उलटलेला रोग वेळीच दिसला तर शस्त्रक्रियेचा मार्ग खुला राहतो. मुंबईला पुन्हा पुन्हा जाणे परवडत नाही म्हणून तपासणी चुकविणारा रुग्ण उत्तम किरणोपचाराचे फळही गमावून बसू शकतो. किरणयंत्रे कोठे व किती असावीत यावर सरकारने जरूर विचार करावा. परंतु दुर्बिणीची तपासणी ही काही यंत्रांची चैन नव्हे, ती रुग्णाच्या जिल्ह्यातच नियमाने व नोंदीसह झाली पाहिजे.

ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१५ साली असा दंडक घालून दिला, की स्नायूपर्यंत गेलेल्या, पण दोन्ही उपचारांस योग्य असलेल्या रुग्णापुढे शस्त्रक्रिया आणि औषधाची वा प्राणवायूची जोड दिलेला किरणोपचार हे दोन्ही पर्याय ठेवावेत. आणि निवड करण्यापूर्वी त्याने शस्त्रक्रिया करणारे मूत्ररोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ व या कामातील जाणकार परिचारिका अशा तिघांशी बोललेले असावे. आपल्याकडे सामान्यतः काय घडते? रुग्ण ज्या दारातून आत शिरतो त्या दारावरची पाटी त्याचा उपचार ठरविते. शल्यविशारदाकडे गेला तर शस्त्रक्रिया, आणि फारच वृद्ध वा अशक्त निघाला तर मग, उरलासुरला म्हणून, शेक. अशा थकलेल्या, रक्त कमी झालेल्या, मूत्रपिंडे फुगलेल्या रुग्णांनाच किरणोपचाराकडे धाडले, की किरणोपचाराचे निकाल वाईट येणारच. आणि ते निकाल वाईट म्हणून पुढच्या धडधाकट रुग्णालाही तिकडे धाडले जात नाही. हे चक्र तोडण्याला नवे औषध लागत नाही. दोन विभागांच्या डॉक्टरांनी एका टेबलाशी बसून एकच फाईल पाहावी लागते.

शिक्षकांची फाईल आम्ही त्यांच्यासह पानन्‌पान पाहिली. वैद्यकीय मत देण्याचा अधिकार आमचा नव्हता. पण वाचता आम्हां दोघांनाही येत होते. हिमोग्लोबिनचा आकडा होता, गाठीचे माप होते, मूत्रपिंडांचे चित्र होते. एका बाजूला किंचित सूज असल्याची नोंद होती. दुर्बिणीतून गाठ पूर्ण निघाली की काही भाग मागे राहिला, हे मात्र शस्त्रक्रियेच्या अहवालात कोठेही लिहिलेले नव्हते. तेवढे विचारण्यासाठी, आणि किरणोपचार दिलाच तर सोबत औषध कोणते व बैठका वीस की बत्तीस हे समजून घेण्यासाठी, ते सोमवारच्या गाडीने मुंबईला गेले आहेत.